धारावीच्या कुंभारवाड्यातले मातीचे दिवे

घराच्या सजावटीसाठी मातीचे दिवे घ्यायचे असतील, तर मुंबईकरांनी धारावीच्या नव्वद फुटी रस्त्यालगतचा कुंभारवाडा आधी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभार कुटुंबांची ही वसाहत १९३० च्या दशकापासून इथे आहे. राहते घर, चाक, वाळवणीची जागा आणि भट्टी हे सारे एकमेकांना लागून असल्यामुळे, दिवा घडवणाऱ्याशी थेट बोलून तो विकत घेता येतो, हवा तो आकार सांगून करूनही घेता येतो. मात्र दुकानात मांडलेला सगळाच माल तिथे घडलेला असतो असे नाही. बाहेरगावाहून आलेल्या, साच्यातून काढलेल्या आणि सोनेरी रंग फासलेल्या वस्तूही त्याच फळीवर असतात, म्हणून कोणता दिवा कुठे घडला हे विचारून घ्यावे. मला तिथे सरळ उत्तरे मिळाली.

खरेदी करताना पहिली परीक्षा कानाची. इथल्या भट्ट्या उघड्या असतात, टाकाऊ कापूस आणि चिंध्या यांच्यावर पेटतात आणि त्यांच्यातली आच सगळीकडे सारखी पोहोचत नाही, त्यामुळे एकाच भट्टीतून निघालेले दोन दिवेही सारखे पक्के नसतात. दिवा तळहातावर अधांतरी धरून बोटाच्या पेराने वाजवावा. खणखणीत नाद आला तर तो चांगला भाजला आहे. बद्द आवाज आला तर तो कच्चा राहिला आहे किंवा त्याला बारीक चीर गेली आहे. रंगातला थोडा फरक, एखादा काळसर डाग, हे आचेचेच खेळ असून मला ते देखणे वाटतात आणि त्यांच्यामुळे भाव पाडून मागण्याचे कारण नाही.

माझ्या मते इथली सर्वात घेण्याजोगी वस्तू म्हणजे विजेच्या बल्बसाठी केलेला जाळीदार लटकता दिवा. त्याची भोके माती अर्धवट सुकलेली असताना कोरली जातात आणि त्या वेळी आतल्या बाजूला मातीची बारीक कड उभी राहते. कसबी कारागीर ती ओल्या कापडाने पुसून घेतो, घाईत केलेल्या कामात ती तशीच भाजली जाते आणि मग भिंतीवर पडणारी नक्षी फाटल्यासारखी दिसते. तेव्हा दिवा उलटा करून आतून बोट फिरवून पाहावे. बल्बची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. दुधी काचेच्या बल्बने नक्षी पसरट होते, तर पारदर्शक काचेच्या, तार दिसणाऱ्या एलईडी बल्बने ती रेखीव उमटते. प्रकाश २७०० केल्विनच्या आसपासचा पिवळसर असावा, कारण ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात भाजलेल्या मातीचा तांबूस रंग पार मरून जातो. घरातल्या एखाद्या कोपऱ्यासाठी ५ वॅट पुरेसे होतात.

उणीव सांगायची तर ती जोडणीची. मी ज्या दुकानातून दिवा घेतला तिथे होल्डर आणि वायर बसवून मिळाली, पण दिव्याचा सगळा भार त्या वायरवरच टाकलेला होता, आणि मातीच्या वजनदार वस्तूच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. मी ती जोडणी काढून टाकून इलेक्ट्रिशियनकडून भार साखळीवर घेतला आणि छताला पक्का हुक मारून घेतला. तिथल्या कारागिरांचा हात मातीत तयार झालेला आहे, त्यामुळे विजेचे काम वेगळेच करून घ्यावे हे उत्तम.

तेलाच्या पणत्यांबद्दल थोडक्यात. न रंगवलेली पणतीच घ्यावी, वापरण्यापूर्वी काही तास पाण्यात बुडवून ठेवावी म्हणजे मातीची छिद्रे पाण्याने भरतात आणि तेल कमी शोषले जाते. तरीही तळ थोडा पाझरतोच, म्हणून लाकडी कोनाड्यात किंवा खिडकीच्या संगमरवरी कट्ट्यावर ती पितळी ताटलीतच ठेवावी. ऑइलपेंटने रंगवलेल्या पणत्यांचा रंग ज्योतीजवळ काळवंडून पोपडे धरतो, आणि त्या पुढच्या वर्षी काढाव्याशा वाटत नाहीत.

लटकत्या दिव्यांसाठी दिवाळीच्या तोंडावर जाऊ नये. त्या दिवसांत सगळे हात पणत्यांना लागलेले असतात आणि निवांत निवड करता येत नाही. पावसाळ्यात माती नीट वाळत नाही, भट्ट्याही कमी लागतात. दिवाळी उरकल्यावर, थंडीच्या दिवसांत सकाळी जावे, आणि दिवा गुंडाळायला घरून जुनी चादर घेऊन जावी, कारण तिथे मिळणारा वर्तमानपत्राचा कागद लोकलच्या गर्दीत पुरा पडत नाही.