मेंडोलिन कितव्या ट्रॅकवर आहे? आयरिश-ब्रिटिश रेकॉर्डिंग शोधणाऱ्यांसाठी

मेंडोलिन म्हटलं की आपल्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत आठवतात, जुन्या जाणत्यांना सज्जाद हुसेन, दक्षिणेकडे कान असलेल्यांना यू. श्रीनिवास. माझ्या हातात हे वाद्य आलं ते मात्र एडिंबरात, नोकरीनिमित्त काढलेल्या दोन वर्षांत. तिथे फॉरेस्ट रोडवर सँडी बेल्स नावाचा पब आहे. संध्याकाळी वादक जमतात, कुणी कुणाला न विचारता रील, म्हणजे नाचाची जलद चाल, सुरू करतं, बाकीचे त्यात शिरतात. याला तिकडे सेशन म्हणतात. कोपऱ्यात एक आजोबा मेंडोलिन घेऊन बसायचे. ते वाजवतायत हे त्यांच्या मनगटाकडे बघून कळायचं. दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि एक ॲकॉर्डियन पेटलं की त्या आठ तारांचा पत्ता लागत नसे.

निदान रेकॉर्डिंगवर तरी नीट ऐकू, म्हणून शोधायला लागलो. आता पुण्यात परतल्यावरही तो उद्योग चालूच आहे, आणि मधल्या काळात सगळे रस्ते चालून झालेत: स्ट्रीमिंग, संग्रहालयं, वादकाकडून थेट डाऊनलोड आणि जुन्या सीडी. तुम्ही याच वाटेवर असाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल. माझी गरज शिकण्याची आहे, नुसतं ऐकण्याची नाही, हे मात्र वाचताना लक्षात असू द्या.

अडचण मुळात कुठे आहे, ते आधी. आयरिश परंपरेत मेंडोलिन हे धाकटं भावंड. तारा फिडलसारख्याच, जी-डी-ए-ई लावलेल्या, त्यामुळे बोटं तीच. पण आवाज बारीक. डब्लिनर्स या आयरिश गटातला बार्नी मकेना टेनर बँजो त्याच सुरांत, एक सप्तक खाली लावून वाजवायचा. ती पद्धत त्याच्यामुळे रुळली. बोटं पुन्हा तीच, आणि आवाज पबच्या दाराबाहेर जाईल एवढा. साहजिकच सेशनमध्ये बँजो पुढे गेला आणि मेंडोलिन बँजोवाल्याच्या दुसऱ्या पेटीत जाऊन बसलं. मकेना स्वतःही दोन्ही वाजवायचा. त्यामुळे झालंय असं की फक्त मेंडोलिनचे अल्बम थोडे, आणि बाकीचं सगळं मेंडोलिन बँजोवाल्यांच्या, गायकांच्या, बँडच्या अल्बममध्ये एखाद-दुसऱ्या ट्रॅकवर लपलेलं. अल्बम मिळणं सोपं आहे. तो ट्रॅक कोणता, हे कळणं अवघड.

स्ट्रीमिंगला नावं ठेवणं हल्ली सोपं झालंय, म्हणून आधी त्याचं श्रेय त्याला देतो. प्लँक्स्टी या आयरिश गटाचा 1973 चा पहिला अल्बम मी स्ट्रीमिंगवरच पहिल्यांदा ऐकला. पहिलंच गाणं. अँडी अर्विनचं मेंडोलिन आणि डोनल लनीची बुझुकी (मेंडोलिनचंच लांब तारांचं भावंड) एकमेकांत अशी विणलेली की एकाचा धागा कुठे संपतो ते कळत नाही, आणि गाणं संपता संपता लियम ओफ्लिनचे पाईप, म्हणजे आयरिश बॅगपाईप, शिरतात. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतो, लाटणं हातातच राहिलं. एका क्लिकवर हे मिळतं तेव्हा तक्रार करायला जीभ रेटत नाही. शूगलनिफ्टीसारखा एडिंबराचा बँड असेल तर स्ट्रीमिंग पुरेसंसुद्धा आहे: 1994 च्या 'व्हीनस इन ट्वीड्स'पासून तिथे मेंडोलिन पुढे उभं आहे, आधी इअन मॅक्लाउडचं, पुढे टास्मानियाहून आलेल्या ल्यूक प्लमचं. वाजवतंय कोण, असा प्रश्नच पडत नाही.

पण असे बँड किती? बाकी ठिकाणी गोंधळ नावापासूनच सुरू होतो. स्कॉटलंडमध्ये केव्हिन मॅक्लाउड नावाचा सुरेख मेंडोलिनवादक आहे, 'स्प्रिंगवेल' हा त्याचा अल्बम. शोधायला जा, आधी अमेरिकेतला केव्हिन मॅक्लाउड येतो, ज्याचं फुकट वापरता येणारं पार्श्वसंगीत जगातल्या निम्म्या हौशी व्हिडिओंत वाजतं. मेंडोलिन ऐकायला बसलो आणि लागलं ते 'पाच मिनिटांत पनीर टिक्का'वालं संगीत. आयर्लंडच्या पॉल केलीचंही तेच. त्याच्या आधी त्याच नावाचा ऑस्ट्रेलियातला प्रसिद्ध गीतकार-गायक उभा असतो. यावर उपाय आहेत, अल्बमचं पूर्ण नाव टाकलं की बहुधा सापडतं. एवढ्यावरून मी स्ट्रीमिंग सोडलं नसतं.

शिकण्यासाठी सोडलं ते एका बुझुकीपायी.

एका अल्बमवरची एक जिग, रीलसारखीच नाचाची चाल, मला फार आवडली होती. अल्बमचं नाव सांगत नाही, वादकाचा काही दोष नाही. ॲपवर ट्रॅकचं नाव, गटाचं नाव, साल आणि कव्हरचा अंगठ्याएवढा फोटो. कोण काय वाजवतंय, चकार शब्द नाही. माझ्या कानाला ते मेंडोलिन वाटलं आणि मी ते बसवायला घेतलं. स्वर आले, ठेका आला, पण रेकॉर्डिंगवरचा प्रत्येक स्वर जसा रेंगाळत होता तसा माझा रेंगाळेना. मला वाटलं तारा छेडायचं पिक पातळ आहे, जाड घेतलं. मग वाटलं तारा जुन्या झाल्यात, नवा संच चढवला. मग ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी, किंचित खाली करून बघितला, तर तारा खडखडायला लागल्या. एका जागी तर चालीतला एक स्वर माझ्या सगळ्यात जाड तारेच्याही खाली जात होता. तो मी वरच्या सप्तकात घेऊन वेळ मारून नेली, आणि तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही! असे तीन आठवडे गेले.

मग एका मित्राच्या घरी तीच सीडी दिसली. पुस्तिका उघडली, चौथा ट्रॅक, नावांपुढे स्वच्छ छापलेलं: बुझुकी. मेंडोलिन त्या अल्बमवर होतं, पण नवव्या ट्रॅकवर. बुझुकीची तार पंचवीस-सव्वीस इंच लांब, मेंडोलिनची जेमतेम 14. ती रेंगाळणारच. माझं वाद्य बिचारं पहिल्यापासून बरोबर होतं.

तुम्ही म्हणाल, कान तयार नव्हता. खरंय, नव्हता. पण कान तयार करायलाच तर मी ऐकत होतो ना? मेंडोलिन, मेंडोला, ऑक्टेव्ह मेंडोलिन, बुझुकी, सिटर्न ही सगळी एका गोत्राची. त्यात नॉर्दम्बरलंडच्या स्टीफन सोबेलसारख्या कारागिरांनी नवी भावंडं घडवली आणि वादकांनी कापो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून त्यांच्या सीमा आणखी पुसल्या. शिकणाऱ्याला कुणीतरी 'हे मेंडोलिन, हे नव्हे' असं बोट दाखवावंच लागतं. आता काही ॲपवर श्रेयनामावली दिसते हे मान्य, आणि ती सुधारतही असेल. माझ्या अनुभवात तिथे संगीतकार आणि निर्माता हमखास सापडतात, चौथ्या ट्रॅकवरची बुझुकी नाही.

बोट दाखवण्यात संग्रहालयांचा हात कुणी धरणार नाही. डब्लिनमध्ये मेरियन स्क्वेअरवर 73 क्रमांकाच्या घरात आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह आहे, 1987 साली स्थापन झालेलं. आत जायला पैसे लागत नाहीत. मी व्हिसा काढून दोन दिवस गेलो होतो, त्यातला दीड दिवस तिथल्या खुर्चीत गेला. कर्मचाऱ्यांना 'मेंडोलिन' एवढंच सांगितलं तर त्यांनी बँजोवाल्यांची यादी काढून दिली, म्हणजे दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. बरंच साहित्य त्यांच्या संकेतस्थळावरही फुकट आहे. पण बाजारात आलेल्या रेकॉर्डिंगचा साठा तिथे बसूनच ऐकायचा, आणि ते रास्तच आहे. मात्र एकच चाल सलग साठ वेळा ऐकायची तर डब्लिनला बिऱ्हाड करावं लागेल.

स्कॉटलंडचं 'टोबर अन डुअल्हेस' घरबसल्या चालतं. एडिंबरा विद्यापीठातलं स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज, बीबीसी स्कॉटलंड आणि कॅना बेटावरचा संग्रह अशा तिघांची ध्वनिमुद्रणं एकत्र केलेली. माणसं स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून गातायत, मागे घड्याळ टिकटिकतंय. एकदा शिरलात की रात्र गेली समजा. पण त्यात गाणी, गोष्टी, फिडल आणि पाईप. मेंडोलिन माझ्या हाती फारसं लागलं नाही. चालीचं मूळ ऐकायला जा, मेंडोलिनचा हात शिकायला नाही. आणि ऑनलाइन साठ्यावर भिस्त ठेवावी का, हाही प्रश्न आहेच. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली ऑनलाइन ध्वनिमुद्रणं बराच काळ गायब झाली.

वादकाकडून थेट डाऊनलोड विकत घेता येतं त्या बँडकॅम्प या संकेतस्थळाबद्दल थोडक्यात, कारण तक्रारीला फारशी जागा नाही. हयात वादकाचा अल्बम असेल तर मी आधी तिथे बघतो. पैसा बराचसा त्याच्या खिशात जातो, फाइल आपली होते, इंटरनेट नसलं तरी वाजते. कोण काय वाजवतंय हे लिहिणं मात्र वादकाच्या मर्जीवर. कुणी चार परिच्छेद लिहितो, कुणी नुसतं कव्हर चिकटवतो. आणि 1970-80 च्या दशकातलं, म्हणजे मला जे सगळ्यात जास्त हवं असतं ते, अनेकदा तिथे नसतंच.

राहता राहिल्या सीडी. हो, 2020 नंतरच्या जगात मी सीडी घेतो. माझ्या लॅपटॉपला ती घालायला भोक नाही, म्हणून तपकीर गल्लीत जाऊन बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. दुकानदारानं 'काका, हे आता कोण नेतं?' असं विचारलंही. एडिंबरात होतो तोवर चॅरिटी शॉपमध्ये एक-दोन पौंडांत सीडी मिळायच्या. पुण्यात बसून मागवायच्या म्हणजे कित्येकदा सीडीपेक्षा टपालखर्च जास्त. एका विक्रेत्याकडून आलेल्या पाकिटात प्लॅस्टिकच्या डबीचा भुगा झाला होता; सीडी शाबूत होती, आणि पुस्तिकाही, म्हणून मी भांडलो नाही. पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात, मग ती हेअर ड्रायरनं सोडवायची. बायकोनं या सगळ्यावर मत दिलेलं नाही, म्हणजे दिलंय.

तरीही. या परंपरेतल्या पुस्तिका निव्वळ नावनिशी नसतात. एका ट्रॅकमध्ये दोन-तीन चाली सलग असतात, त्या प्रत्येकीचं नाव, ती कुणाकडून शिकली, तो कुठल्या गावचा, आणि ओळीच्या शेवटी वाद्यं. आपल्याकडे घराणं सांगतात तसंच. मिक मोलोनीचं उदाहरण घ्या. लिमेरिकचा माणूस, पुढे अमेरिकेत स्थायिक झाला, लोकसंस्कृतीचा अभ्यासक, 2022 मध्ये गेला. त्याच्या 1980 च्या 'स्ट्रिंग्ज अटॅच्ड'वर बँजोही आहे आणि मेंडोलिनही. हा अल्बम कानावर भरवसा ठेवून ऐकायचा नाही, छापील मजकूर मांडीवर घेऊन ऐकायचा. माझा दोन वाद्यांमधला फरक ओळखणारा कान असाच तयार झाला. काही महिन्यांनी मी आधी ओळखायचो आणि मग पानावर ताडून बघायचो.

पुस्तिकेत चालीचं नाव मिळालं की पुढचं काम 'द सेशन' या चालींच्या ऑनलाइन सूचीवर. तिथे नोटेशन असतं, तीच चाल आणखी कुठकुठल्या अल्बमवर आहे हेही कळतं. एकाच रीलला पाच-सहा नावं असणं तिकडे नेहमीचंच, त्यामुळे याची गरज पडतेच.

तुम्हाला प्रवासात ऐकायला हवं असेल तर माझं ऐकू नका, स्ट्रीमिंगच घ्या, मीही गाडीत तेच लावतो. डब्लिनला जाणं होणार असेल तर अर्धा दिवस मेरियन स्क्वेअरसाठी ठेवा. पण हातात मेंडोलिन असेल आणि रोज तासभर बसणार असाल, तर स्ट्रीमिंगच्या वर्गणीऐवजी जुन्या सीडी घ्या. सुरुवात मात्र शंकेला जागा नसलेल्या अल्बमपासून करा. इंग्लंडच्या सायमन मेयरचा 'द मेंडोलिन अल्बम' 1990 चा; त्यात पारंपरिक चाली आहेत, त्याच्या स्वतःच्या रचना आहेत, आणि हात इतका स्वच्छ की प्रत्येक फटका मोजता येतो. पण तो सेशनचा हात नव्हे. आयरिश वळण हवं असेल तर वर म्हटलेल्या पॉल केलीचा, त्याचं नाव 'अ मेंडोलिन अल्बम'. मी पहिल्यांदा मागवताना चुकून एकाच्या जागी दुसरा मागवला होता. आपल्याला तशीही 'द' आणि 'अ'ची सवय नसते, तेव्हा पैसे भरण्याआधी तेवढं एक अक्षर बघून घ्या.