पेटीवर ‘एमपीपीटी’, आत नुसता स्विच

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या आखाड्यांवर (शेतातल्या वस्त्यांवर) आता एक जोडणी सर्रास दिसते. ३३० वॅटचं एक सोलर पॅनल, १५० एएचची (अँपियर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी, रोही-रानडुकरांसाठी झटका मशीन, दोन कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, एखाद-दोन बल्ब, एक डीसी पंखा. या सगळ्याच्या मधोमध भिंतीवर ठोकलेली छोटी पेटी, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत भरणारा चार्ज कंट्रोलर. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘एमपीपीटी ३० ए’, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार, ३० अँपियरचा. फसवणूक या पेटीत असते. पॅनल खरं, बॅटरी खरी, त्यामुळं संशय हिच्यावर सगळ्यात शेवटी जातो.

तक्रार ठरलेली: पहिले काही दिवस चांगलं चाललं, आता पहाटे तीनला कॅमेरे बंद पडतात. विकणारा बॅटरीला नाव ठेवतो आणि नवी बॅटरी गळ्यात मारतो. तीही आठवड्यात तशीच.

हिशोब मांडला की चोर सापडतो. या पॅनलचा काम करतानाचा व्होल्टेज ३७ आणि करंट ८.९ अँपियर, दोन्ही आकडे पॅनलच्या पाठीमागच्या स्टिकरवर असतात. खरा एमपीपीटी हा कन्व्हर्टर असतो. जास्त व्होल्टेज, कमी करंट आत घेतो आणि कमी व्होल्टेज, जास्त करंट बाहेर देतो. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर मात्र एक स्विच आहे. तो पॅनल थेट बॅटरीला जोडतो, बॅटरी पॅनलला खेचून १३ व्होल्टवर आणते, आणि करंट तेवढाच राहतो. १३ गुणिले ८.९ म्हणजे सुमारे ११६ वॅट. पैसे ३३० वॅटचे मोजले, दोन तृतीयांश माळ्यावरच राहिले.

खऱ्या कंट्रोलरलाही ३३० मिळत नाहीत, हे सांगायला हवं. मे महिन्यात पॅनल ७० अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट येते, म्हणजे हातात २७० वॅटच्या आसपास. तरी बॅटरीत १९-२० अँपियर जातात, खोट्या पेटीतून नऊ. दिवसाचे पाच तास भर उन्हाचे धरले तर एकीकडं ९५ एएच, दुसरीकडं ४५. वर लिहिलेला लोड चोवीस तासांत ६० एएच खातो. रोजचे १५ एएच कर्जाऊ. बॅटरी आधीच्या शिल्लकीवर आठवडाभर तग धरते, मग प्लेटांवर सल्फेट बसतं आणि खरंच खराब होते. तेव्हा विकणाऱ्याचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटतं.

विकणाऱ्याचा सगळ्यात हुशार डाव स्क्रीनवरचा आहे. भर दुपारी तो स्क्रीन दाखवतो, तिथं नऊच्या आसपास अँपियर. मग पॅनलचं स्टिकर दाखवतो, तिथंही ८.९. “बघा दादा, पूर्ण करंट घेतंय.” गिऱ्हाईक खूश. वास्तविक हीच चोरीची कबुली आहे. खऱ्या एमपीपीटीमध्ये बॅटरीकडं जाणारा करंट पॅनलच्या करंटच्या दुप्पट तरी दिसायला हवा.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. दुपारी १२ ते २, ऊन स्वच्छ, आणि बॅटरी रिकामी असलेली बरी. आदल्या रात्री पंखा चालू ठेवा. मीटर डीसी २०० व्होल्टवर लावून कंट्रोलरच्या पॅनलकडच्या दोन टर्मिनलांवर धरा. १३-१४ व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरीपेक्षा थोडेच जास्त, तर तो स्विच आहे, पेटीवर काहीही छापलेलं असो. २८ ते ३३ टिकून राहिले आणि बॅटरी चार्ज होत असेल, तर कन्व्हर्टर खरा. बॅटरी भरल्यावर हीच चाचणी फसवते, कारण मग दोन्ही प्रकारांत पॅनलचा व्होल्टेज वर चढतो. करंटच मोजायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. वायरमनकडचा नेहमीचा क्लॅम्प फक्त एसी मोजतो.

पेटीच्या वजनावर विसंबू नका, ते वाढवता येतं. पेटी उघडता आली तर आत जाड तांब्याच्या तारेची, काळ्या फेराइटवर (चुंबकीय गाभ्यावर) गुंडाळलेली कॉइल शोधा. २० अँपियर वाहायचे तर तार बारीक असून चालतच नाही. खोट्या पेटीत चार-सहा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), एक चिप आणि दोन कपॅसिटर असतात, बाकी हवा.

एक मात्र खरं: पॅनल छोटं, ३६ सेलचं, १८ व्होल्टचं असेल तर एमपीपीटीचा हट्टच नको. उन्हाळ्यात त्याचा व्होल्टेज पंधराच्या जवळ येतो आणि दोघांत फारसा फरक उरत नाही. तिथं साधा पीडब्ल्यूएम प्रामाणिक किमतीत घ्या.

बिलावर ‘एमपीपीटी’ हा शब्द आणि मॉडेल नंबर लिहूनच घ्या. “लिहायची काय गरज” म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

पेटी बदलताना आधी पॅनलची वायर सोडा, मग बॅटरीची. जोडताना आधी बॅटरी. उलटं केलं तर मोकळ्या, म्हणजे बॅटरी न जोडलेल्या पॅनलचे ४६ व्होल्ट स्वस्त पेटीतून थेट लोडवर जातात आणि रेकॉर्डर, बल्ब एका झटक्यात जळतात. परभणीच्या डिसेंबरातल्या १० अंशांच्या सकाळी हेच ४६ चे ४८ होतात, आणि पेटीवरची कमाल मर्यादा बहुधा ५० असते. दुसरं पॅनल जोडायचंच असेल तर अशा पेटीवर सिरीजमध्ये (एकापुढं एक, व्होल्टेजची बेरीज होईल असं) कधीही नको.