हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी ओढणारं गॅरेज

माझी छोटी पिकअप रोपवाटिकेच्या कामाला आहे. जाताना मागे ओल्या मातीच्या कुंड्या, येताना रिकामी. गेले काही महिने ब्रेकचं पेडल फार खाली जायचं आणि हँडब्रेक नऊ-दहा दाते ओढल्याशिवाय धरायचा नाही. आधीच्या गॅरेजने दोनदा केबल ताणून दिली. चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. शेवटी एकदा उतारावर भरलेली गाडी हळूच मागे सरकली. मागे माझा मदतनीस उभा होता, तो वेळेत बाजूला झाला. त्याच दिवशी मी गॅरेज बदललं.

नव्या मिस्त्रींनी पुढच्या चाकांना उटी लावली, मागचा भाग घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर घेतला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली सोडली. मी विचारलं, अहो, तीच तर आधी ताणायची ना? ते म्हणाले, केबल ओढून ठेवली की शू, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून थांबवणाऱ्या कमानी, पूर्ण मागे बसत नाहीत. मग शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा आतला ऍडजस्टर आपलं काम करत नाही आणि लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, किती झिजलंय ते बाहेरून कळत नाही. म्हणजे आधीच्या दोन्ही वेळी दुखणं झाकलं गेलं होतं.

ड्रम काढले. डाव्या बाजूच्या, शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचं रबर गळत होतं, लायनर ब्रेक ऑइलने ओलं. दोन्हीकडच्या ऍडजस्टरची चक्री गंजून जाम. ओलं लायनर घासून-पुसून परत बसवलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तेल प्यायलेलं लायनर नीट धरत नाही, आणि एकाच बाजूला नवे शू टाकले तर गाडी ओढते. म्हणून दोन्हीकडे नवे शू, नवे सिलेंडर. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. मिस्त्रींनी व्हर्नियरने तीन ठिकाणी माप घेऊन मला दाखवलं, ड्रम अजून चालण्यासारखे होते. काठावरची कड तेवढी काढली. ऍडजस्टरचे आटे साफ केले आणि शू जिथे मागच्या प्लेटला घासतात तिथे उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावलं.

ब्रेक ऑइल काळपट झालं होतं. नवीन सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे ते कमी तापमानाला उकळायला लागतं. डॉट ४ या दर्जासाठी नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस लागतो, ओल शोषल्यावरची मर्यादा १५५. भरल्या गाडीने लांब उतार उतरणाऱ्याला हा फरक कळायला हवा. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना गाडी चाकांवर उभी केली. या गाडीत भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह आहे. ऍक्सल लोंबकळत असेल तर त्याला गाडी रिकामी वाटते, तो दाब कमी करतो आणि हवा अडकून राहते.

मग मागचा भाग पुन्हा उचलून पेडल दाबून शू मध्यावर बसवले. चाक अडेपर्यंत चक्री फिरवली, नंतर हलकी घासण्याची खसखस उरेपर्यंत मागे घेतली. दोन्ही चाकं सारखी झाल्यावर केबल. आता हँडब्रेक पाचव्या दात्याला धरतो आणि सोडला की चाक मोकळं फिरतं.

दोन गोष्टी खटकल्या. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवली. जुन्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असू शकतं आणि तिथे शिकाऊ मुलगा वाकून बघत होता. मी थांबवल्यावर त्यांनी ओलं फडकं आणि ब्रेक क्लीनर घेतलं, पण मला सांगावं लागायला नको होतं. शिवाय पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो, त्या पिना मी म्हटल्यावरच तपासल्या. उजवीकडची कोरडी निघाली आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला. पुढचे चारही पॅड बदलले, पिनांना ग्रीस लावलं.

दिवसभराचं काम झालं. नवे पॅड आणि लायनर बसेपर्यंत जोराचे ब्रेक टाळायला सांगितलं होतं. पाचशे किलोमीटरनंतर परत बोलावून चाकाचे नट टॉर्क पान्याने तपासले आणि मागची चक्री एक खाच पुढे घेतली. केबलला हात लावावा लागला नाही.