रडार की कॅमेरा? बेकायदा मासेमारी शोधायला कोणती उपग्रहचित्रं घ्यावीत

एम. एस. युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यायचा असेल, तर चित्रात बोटी ओळखणारं एआय मॉडेल कोणतं हे नंतर बघा. आधी चित्रं ठरवा. बडोद्यात बसून फुकट मिळतील असे दोन सरळ पर्याय आहेत, दोन्ही युरोपीय अवकाश संस्थेचे: सेंटिनेल-२ चा कॅमेरा आणि सेंटिनेल-१ चं रडार.

कॅमेऱ्याचा मोह पडतोच. १० मीटरचा पिक्सेल, बोटीमागची फेसाची रेघसुद्धा दिसते, मॉडेलला शिकवण्यासाठी बोटींवर खुणा करणं सोपं. पण पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना केंद्राची बंदी असते १ जून ते ३१ जुलै. ज्या दोन महिन्यांत समुद्रात दिसलेला प्रत्येक ट्रॉलर संशयित, नेमके तेव्हाच चित्रात ढग! आणि रात्री तर काहीच नाही.

रडारला ढग आणि अंधार आडवे येत नाहीत. लोखंडी जहाज काळ्या पाण्यावर पांढरं उठून दिसतं. आपल्याकडच्या लाकडी आणि फायबरच्या बोटी मात्र फिक्या उमटतात. त्यात स्पष्टता सुमारे २० मीटर, आणि पावसाळ्यात खवळलेला समुद्र स्वतःच चमकतो. सेंटिनेल-१ चं चित्र व्हीव्ही आणि व्हीएच अशा दोन चॅनेलांत (रडार लहरींच्या दोन ध्रुवणांत) मिळतं; म्हणून व्हीव्हीपेक्षा व्हीएच आधी घ्या, त्यात लाटांचा गोंधळ कमी. १५ मीटरच्या आतल्या होड्या बहुतेक निसटतात, हे रिपोर्टात आधीच लिहून टाका, गाईड विचारणारच.

२०२१ चा एक्सव्ह्यू३ हा खुणा केलेला सेंटिनेल-१ चा डेटासेट आयता आहे. पण त्यातला समुद्र युरोपभोवतीचा आणि पश्चिम आफ्रिकेचा. गुजरातच्या वेरावळ बंदरासमोरच्या थोड्या चित्रांवर स्वतः खुणा केल्याशिवाय आकडे दाखवू नका.

रात्रीचे दिवे टिपणारा व्हिअर्स (VIIRS) हा उपग्रहावरचा कॅमेरा तिसरा पर्याय. भारतात एलईडी लावून मासेमारी २०१७ पासून बंद आहे, त्यामुळे कल्पना चांगली. पण पिक्सेल ७५० मीटरचा आणि ढगांची अडचण तीच.

बोट सापडली म्हणजे गुन्हा सापडला असं नाही. एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवर सतत सांगणारं यंत्र, आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या ३०० टनांवरील जहाजांना सक्तीचं. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात जगातली सुमारे तीन चतुर्थांश औद्योगिक मासेमारी जहाजं सार्वजनिक माग-यंत्रणेत दिसत नव्हती. त्यामुळे ‘एआयएस नाही म्हणून चोर’ हे सूत्र टिकत नाही. बंदीच्या तारखा मात्र पक्क्या आहेत.

माझं मत सेंटिनेल-१ ला. वेरावळसमोरचा एकच तुकडा जून-जुलैचा आणि ऑक्टोबरचा घ्या, एआयएस असलेली मालवाहू जहाजं वजा करा, आणि उरलेले ठिपके मोजा.