कॅन्सरची ट्रीटमेंट संपल्यावर फॉलोअप कुठं ठेवायचा: मुंबई, मिरज की गावातले डॉक्टर?

परवा मामेबहिणीचा फोन आला, तिच्या सासूबाईंचं ब्रेस्ट कॅन्सरचं रेडिएशन संपलं आणि आता पुढचं मुंबईलाच दाखवत राहायचं की मिरजेत की गावातल्या डॉक्टरांकडं, यावरून घरात रोज वादावादी. आम्ही आईचं हे चार वर्षं करतोय, तासगाव तालुक्यात राहतो आणि तिन्हीकडं जाऊन झालंय, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथं नीट लिहिते.

ट्रीटमेंट संपली की लोक पेढे घेऊन येतात आणि खरी परीक्षा तिथून पुढं असते. केमो चालू असताना दर तीन आठवड्यांनी कोणीतरी विचारतं, झोप लागते का, जेवण जातंय का. मग एकदम "आता तीन महिन्यांनी या" आणि मधले तीन महिने घरचे आणि पेशंट, बस.

मुंबईचं आधी. ऑपरेशन तिथं झालेलं, स्लाइड, स्कॅन, सगळे रिपोर्ट तिथं, त्यामुळं गाठ परत आलीय का हे बघायला आमचा भरवसा त्यांच्यावरच. पण रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी रांग, दुपारी नंबर आणि आत पाच मिनिटं. डॉक्टर चांगलेच आहेत, बाहेर दीडशे माणसं बसलेली असतात ते तरी काय करणार. आई आत "बरं आहे" म्हणायची आणि बाहेर येऊन जिन्यात मला सांगायची की रात्री दोनला जाग येते आणि मग छातीवरून हात फिरवत पडते, परत गाठ लागते का बघत. हे त्या पाच मिनिटांत कधीच आलं नाही.

मिरज तर १८९४ पासून, डॉ. वानलेस यांनी दवाखाना काढला तेव्हापासून, दवाखान्यांचं गाव. कॅन्सरचे डॉक्टर, रेडिएशन, फिजिओथेरपी सगळं आहे, एसटीनं जाऊन दुपारी परत येता येतं, आणि डॉक्टर आईला नावानं ओळखतात. एक सांभाळायचं. एका ठिकाणी आम्हाला दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन आणि ट्यूमर मार्कर (कॅन्सरची रक्ततपासणी) लिहून दिले, मुंबईत विचारलं तर म्हणाले काही तक्रार नसेल तर ब्रेस्ट कॅन्सरला त्याची गरज नाही, डॉक्टरांनी हातानं तपासणं आणि वर्षाला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, पुरते. म्हणून कुठलीही महागडी तपासणी लिहिली की "यानं काय बदलणार" एवढं विचारायचंच, चांगला डॉक्टर रागवत नाही.

मिरजेचा खरा उपयोग झाला तो आईच्या हातासाठी. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, कधी वर्षा-दोन वर्षांनीही, आणि आमच्याकडं ती पहिल्यांदा कळली शिंपिणीला! "काकू, डावी बाही अर्धा इंच सैल करायला लागंल" म्हणाली. आम्ही रोज बघत होतो आणि दिसलं नव्हतं. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मनगटापासून वर टेप लावत दोन्ही हातांची मापं घेतली, बँडेज आणि हातावर घट्ट बसणारी स्लीव्ह दिली, आणि आईला विचारलं की दिवसभर काय काय काम करता. वैरणीचा भारा, द्राक्षाची छाटणी, भांडी. सगळं बंद करा असं नाही म्हणाल्या, वजन हळूहळू वाढवत न्या, छाटणीला हातमोजे घाला, ओरखडा उठला तर लगेच धुवा, आणि हात लाल-गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आईच्या कामाचं कोणी विचारलं असं चार वर्षांत पहिल्यांदाच.

आता गावातले डॉक्टर, ज्यांना सगळे कमी लेखतात. कॅनडात याचा नीट अभ्यास झालाय, २००६ साली छापून आला, लवकरच्या स्टेजच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ९६८ बायकांपैकी निम्म्या फॅमिली डॉक्टरांकडं आणि निम्म्या कॅन्सरच्या दवाखान्यात, आणि गंभीर त्रास दोन्हीकडं जवळपास सारखाच निघाला. पण तिथं डॉक्टरांना काय बघायचं ते लिहून दिलेलं होतं, आपल्याकडं घोडं तिथंच अडतं. आमच्या डॉक्टरांनी आठ महिने आईच्या गुडघ्यांना पेनकिलर दिली कारण आई लेट्रोझोल, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची हार्मोनची गोळी, घेते आणि त्यानं सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होतात, हे त्यांच्यासमोर कुठल्याच कागदावर नव्हतं. मग मी मुंबईहून समरी लिहून आणली, कुठली केमो, किती रेडिएशन, कुठली गोळी किती वर्षं, काय झालं तर काळजी करायची. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली, माझ्यासमोर मिरजेला फोन लावला, हाडांची डेक्सा तपासणी झाली, कॅल्शियम सुरू झालं. बीपी, शुगर, ताप, झोप हे तेच बघतात आणि आई त्यांच्याशी मोकळं बोलते.

तोंडाचा कॅन्सर असेल तर हिशोब थोडा वेगळा, गळ्याला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी सहा ते बारा महिन्यांनी, तोंड उघडण्याचे व्यायाम चालू ठेवायचे आणि दात काढायच्या आधी डेंटिस्टना रेडिएशनचं सांगायचंच, नाहीतर जबड्याचं हाड भरून येत नाही असं होऊ शकतं. तंबाखू आणि मिश्री सुटत नसेल तर तंबाखू सोडवायच्या सरकारी हेल्पलाइनला १८००-११-२३५६ वर फोन करा, फुकट आहे. मिश्रीला आपल्या बायका व्यसनात धरतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि मनाचं कुठल्याच दवाखान्यात आपणहून निघत नाही. तपासणीच्या आधीचे आठ दिवस आई जेवत नाही, हे मी स्वतः डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी बसवून घेतलं. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही आहे, मराठीत बोलता येतं.

मग बहिणीला काय सांगितलं? मुंबई वर्षातून एकदा, मॅमोग्राफीच्या वेळी. पहिली तीन वर्षं मिरज दर तीन ते सहा महिन्यांनी. गावातले डॉक्टर आजपासून, हातात समरी देऊन. पैसा आणि ताकद कमी असेल तर मुंबई सोडा, तेही तिथल्या डॉक्टरांना विचारूनच, पण गावातले डॉक्टर सोडू नका. आणि दोन डॉक्टरांत निवड करायची वेळ आली तर कोण मुलाकडं न बघता थेट सासूबाईंना विचारतं ते बघ.

ऑपरेशन कुठल्या बाजूचं ते विचारायचं फोनवर राहिलंच, पण टेप घेऊन दोन्ही हातांची मापं आजच वहीत लिहून ठेव म्हटलं, तारखेसकट.