शेळीच्या दुधाच्या चीजसाठी कॅल्शियम क्लोराइड: काही महिने वापरल्यानंतर

बाटली तळाला आली आहे आणि विक्रेत्याशी ई-मेलवर चाललेला वाद एकदाचा संपला आहे. दुसरी बाटली घेण्याआधी सगळं लिहून ठेवते, कारण बाटलीच्या लेबलवर लिहिलेली नाही ती गोष्ट या वस्तूत सगळ्यात महत्त्वाची आहे.

आमच्याकडे दूध शेजारच्या वस्तीवरच्या संगमनेरी शेळ्यांचं येतं. ते ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवल्याशिवाय मी वापरत नाही. ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग शेळीकडून माणसाकडे येतो, तेव्हा तिथे तडजोड नाही. पण तापवल्यावर दुधातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. शिवाय केसिन म्हणजे दूध गोठवणारं प्रथिन, आणि त्याचा अल्फा-एस-वन हा प्रकार शेळीच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा बहुधा कमीच असतं. त्यामुळे रेनेट (दूध गोठवणारं विरजण) टाकूनही दही लुसलुशीत लागायचं आणि सुरी फिरवली की स्वच्छ फट न पडता चुरा व्हायचा. तो चुरा निवळीबरोबर फडक्यातून गळून जायचा, आणि शेळीच्या दुधाचा भाव पाहता ते बघवत नसे. थंड केलेल्या दुधात बाटलीतलं कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण पातळ करून घातलं आणि मग रेनेट टाकलं, तेव्हा पहिल्याच खेपेला फरक दिसला. फट सरळ पडली, निवळ पिवळट-हिरवी आणि नितळ सुटली, फडक्यात गोळा जास्त उरला. या कामात बाटली खरी उतरली.

आता लेबल. त्यावर ‘कॅल्शियम क्लोराइड, फूड ग्रेड, ३०%’ एवढंच छापलं आहे. ३० टक्के कशाचे? हा क्षार निर्जलही मिळतो आणि दोन पाण्याचे रेणू धरून बसलेला डायहायड्रेटही मिळतो. डायहायड्रेटच्या वजनात खरा क्षार साधारण तीन चतुर्थांश असतो, बाकी पाणीच. म्हणजे डायहायड्रेटचे ३० टक्के असतील तर बाटलीत खरा क्षार साडेबावीस टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेच्या चीज नियमांत दुधाच्या वजनाच्या ०.०२ टक्के ही कमाल मर्यादा आहे आणि ती निर्जल क्षाराच्या हिशेबाने आहे. दहा लिटरला दोन ग्रॅम धरा. कडक द्रावणाचे (निर्जलच्या ३० टक्क्यांचे) पाच मिली झाले की आपण त्या मर्यादेला टेकतो, पातळ द्रावणाचे (डायहायड्रेटच्या ३० टक्क्यांचे) सात मिली लागतात. जास्त झालं तर चीज कडवट होतं. मग मी मापायचं तरी कशावरून?

फोन केला तर ‘मॅडम, फूड ग्रेड आहे, रेसिपीप्रमाणे टाका’ हे उत्तर. रेसिपी लिहिणाऱ्याच्या हातात कुठली बाटली होती, हे मला कसं कळणार? ई-मेल केले, आठवणी केल्या. मधल्या काळात घरीच उपाय केला. औषधाच्या दुकानातून मापाचं नळकांडं आणलं, द्रावण बरोबर १०० मिली घेतलं आणि काट्यावर ठेवलं. निर्जल क्षाराचं ३० टक्के द्रावण असेल तर १०० मिलीचं वजन १२८ ग्रॅमच्या आसपास भरतं, डायहायड्रेटचं ३० टक्के असेल तर साधारण १२० ग्रॅम. माझं १२० ला थांबलं. पुष्कळ उशिराने त्यांनी तपासणीचा कागद पाठवला, त्यातही डायहायड्रेट. एक शब्द लेबलवर छापायला कितीशी शाई लागते? घरोघरी लोक अंदाजाने थेंब टाकत बसतात आणि चीज कडू झालं की दुधाला दोष देतात. मला याचा मनापासून राग आहे.

दुसरी तक्रार जाहिरातीबद्दल. त्यात लिहिलं होतं, ‘चीजमधलं कॅल्शियम वाढवा, हाडं मजबूत करा’. आईला डॉक्टरांनी कॅल्शियमकडे लक्ष द्यायला सांगितलं आहे, म्हणून मी बाटली घेतली त्यात हाही एक विचार होता. हिशेब मांडला. दोन ग्रॅम निर्जल क्षारात कॅल्शियम सुमारे ७२० मिलिग्रॅम. त्या दहा लिटर दुधात मुळातच जवळपास १३,००० मिलिग्रॅम असतं. वर घातलेल्यातलंही बरंच निवळीबरोबर जातं. सगळंच्या सगळं चीजमध्ये राहिलं आणि किलोभर चीज निघालं असं धरलं, तरी ५० ग्रॅमच्या तुकड्यात ३६ मिलिग्रॅमची भर. मोठ्या माणसाची दिवसाची गरज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत १,००० मिलिग्रॅम आहे. हाडांसाठी ही बाटली घेऊ नका.

त्यापेक्षा चीजची जात बदला. आंबवून, रात्रभर टांगून केलेल्या मऊ चीजमध्ये आंबटपणामुळे केसिनला धरलेलं कॅल्शियम सुटतं आणि निवळीत वाहून जातं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात शेळीच्या मऊ चीजमध्ये १०० ग्रॅमला १४० मिलिग्रॅम आहे, कडक मुरवलेल्यात ८९५. आईसाठी मी आता दाबून मुरवलेलं करते आणि निवळ कणकेत घालते.

एवढं झाल्यावर माझं मत ‘दही घट्ट लागायला ठीक, बाकी उगाच खर्च’ असं बनलं होतं. आंबवलेल्या मऊ चीजमध्ये तर मी ते घालणंच सोडलं, कारण तिथे फारसा फरक दिसत नव्हता. पण पावसाळ्यात मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या फेटा चीजसारख्या वड्या वरून बुळबुळीत व्हायला लागल्या. नुसतं मीठपाणी वड्यांच्या पृष्ठभागातलं कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे वरचा थर विरघळल्यासारखा होतो. लिटरभर मीठपाण्यात हेच द्रावण ४ मिली आणि थोडं व्हिनेगर घातलं. त्यानंतरच्या वड्या शेवटपर्यंत कोरड्या कडांच्या, घट्ट राहिल्या. माझ्या लेखी या बाटलीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखच नाही! या एका गोष्टीसाठी मी ती परत घेईन, फक्त द्रावण म्हणून नाही. बाटलीत बहुतांश पाणी आहे आणि त्या पाण्याचेही पैसे आपणच देतो.

यापुढे पाकिटावर ‘डायहायड्रेट’ स्पष्ट छापलेला फूड ग्रेड क्षारच आणणार. ४० ग्रॅम डायहायड्रेट आणि ६० ग्रॅम उकळून गार केलेलं पाणी घेतलं, की निर्जलच्या हिशेबाने पुरेपूर ३० टक्के द्रावण होतं. क्षार पाण्यात थोडा थोडा टाका, भांडं गरम होतं. पाकीट फोडलं त्याच दिवशी सगळं विरघळवून काचेच्या बाटलीत भरा, कारण आपल्या पावसाळी हवेत उघडा क्षार ओल ओढून स्वतःच पाणी होतो. आणि बाटलीवर टक्के, क्षाराचा प्रकार आणि तारीख लिहून चिकटवा.