वारंवार येणारी सूज: अ‍ॅलर्जीची की आनुवंशिक?

ओठ, पापण्या किंवा हात अचानक सुजले तर कारण बहुतेक वेळा अ‍ॅलर्जीच असतं. पण सूज पुन्हापुन्हा येत असेल आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांना दाद देत नसेल, तर आनुवंशिक अँजिओएडिमा (जनुकातल्या दोषामुळे त्वचेखाली खोलवर सूज आणणारा आजार) तपासायलाच हवा. साधारण ५०,००० जणांत एकाला तो असतो.

आधी खाज बघा. अ‍ॅलर्जीत बहुधा अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, सूज काही मिनिटांत चढते आणि एक-दोन दिवसांत उतरते. आनुवंशिक सूज खाजत नाही, गांधी उठत नाहीत. ती तासातासाने वाढते आणि दोन ते पाच दिवस राहते. काहींना सूज येण्याआधी अंगावर लालसर, जाळीदार नक्षी उमटते. तिलाच पित्त समजलं की निदान भलतीकडे जातं.

सूज आणणारं शरीरातलं रसायन दोन्हींत वेगळं: अ‍ॅलर्जीत मुख्यतः हिस्टामिन काम करतं, आनुवंशिक सुजेत ब्रॅडिकायनिन. ११व्या गुणसूत्रावरच्या जनुकातल्या दोषामुळे सी१ इनहिबिटर हे प्रथिन कमी पडतं, ब्रॅडिकायनिन वाढतं आणि रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं. त्यामुळे सेटिरिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. मात्र आवाज बदलला, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर कारण शोधत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

सर्वांत फसवं असतं ते पोटदुखीचं रूप. आतड्याची भिंत सुजते, असह्य मुरडा येतो, उलट्या होतात, पण बाहेर काहीच दिसत नाही. अपेंडिक्स समजून विनाकारण ऑपरेशन झालेले रुग्ण आहेत.

‘आमच्या घरात कुणाला नाही’ म्हणून हा आजार बाद करू नका. सुमारे चारातल्या एका रुग्णात जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. आई किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के.

रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांनीही अशीच बिनखाजेची सूज येते, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरुवात झाली असेल, तर आजार आनुवंशिक नसून नंतर जडलेला आहे का, हे बघायला रक्तातलं सी१क्यू हे प्रथिनही तपासतात. आनुवंशिक प्रकारात ते सहसा नॉर्मल असतं.

रक्ततपासणीत आधी सी४ हे प्रथिन. ते कमी आलं, तर सी१ इनहिबिटरची पातळी आणि कार्यक्षमता, दोन्ही. आनुवंशिक अँजिओएडिमाच्या दुसऱ्या प्रकारात (टाइप २) पातळी नॉर्मल दिसते, प्रथिन मात्र काम करत नाही. नुसत्या पातळीवर थांबलं की हे रुग्ण निसटतात. नमुना नीट हाताळला नाही तर कार्यक्षमता खोटीच कमी येते, म्हणून चाचणी पुन्हा करून घ्यावी. निदान पक्कं झालं, तर दाढ काढण्याआधी दंतवैद्याला सांगा आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या गोळ्या टाळा, कारण दोन्हींमुळे सूज उसळू शकते.